पितळी पाटीचं टेबल

इंगोलश्टाट
रविवार, २५ मे २०२५

इंगोलश्टाटमध्ये मुलांकडे, सुनांकडे, लेकीजावयांकडे तीन-तीन महिने राहायला आलेल्या समस्त आईवडिलांनो,

आपलं दुःख एकच आहे आणि ते आपण एकमेकांपासून लपवत आलो आहोत. आपण इथे चोरून जेवतो. होय, चोरून! मुलं आपल्याला हौसेने किल्ला दाखवतात, डॅन्यूबच्या काठाने फिरवतात, आणि भुकेची वेळ झाली की गाडीच्या मागच्या सीटवर, मांडीवर डबा ठेवून जेवायला लावतात. वर दबक्या आवाजात सांगतात, "आई, झाकण लाव, वास बाहेर जातोय." जाऊ दे की बाहेर! लसणाच्या चटणीचा वास हा काय गुन्हा आहे?

आपल्याकडे माणसाने माणसाशेजारी एका पंगतीला बसावं म्हणून लोकांनी चळवळी केल्या, सहभोजनं घातली, वाळीत पडले, शिव्या खाल्ल्या. ते सगळं कशासाठी? त्यांच्या पतवंडांनी परक्या शहरातल्या एका बागेत थालीपिठाची लाज बाळगावी म्हणून?

म्हणून माझं आवाहन आहे. आपला डबा या शहरात सन्मानाने उघडता येत नाही तोवर इथल्या एकाही बागेत, एकाही हॉटेलात पाऊल टाकू नका. बहिष्कार घाला!

– वसुधा

आत्मारामभावोजी,

वरचं परिपत्रक वाचलंत ना? हा कच्चा खर्डा आहे. तुम्ही चौतीस वर्षं फ्रँकफर्टला काढलीत, तुमच्या ओळखी दांडग्या. शुद्धलेखन तपासा आणि तुमच्याकडच्या मराठी मंडळींतही फिरवा. फोन करू नका. भांडण रंगात आलं की तुम्हाला नेमकं ऐकू येईनासं होतं, आणि व्हॉट्सॲपवर तुम्ही मला नुसता अंगठा दाखवता. म्हणून हे पत्र.

काय झालं ते सांगते. काल दुपारी पुष्कर, ईप्सिता आणि उर्जा मला एका बिअरगार्टनमध्ये घेऊन गेले. नावावर जाऊ नका, निम्मी माणसं सफरचंदाचा रस पीत होती. चेस्टनटची जुनी झाडं, पायाखाली खडी, लाकडी बाकं. पुष्कर-ईप्सिता पेयं मिळतात त्या खिडकीशी रांगेत उभे राहिले आणि मी नातीला घेऊन जागा शोधायला निघाले. सगळ्यात दाट सावलीतलं टेबल रिकामं होतं. मधोमध पितळी पाटी. त्यावर पाच नावं, १९८७ साल आणि खाली काही मजकूर. मला एकदम भरून आलं. आपल्या सांगलीच्या बागेत बाकांवर देणगीदारांची नावं असतात ना, अगदी तशी. पाच भल्या माणसांनी गावाला टेबल दिलं! मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला, बसले आणि डबा उघडला.

उर्जा माझी बाही ओढायला लागली. "आजी, निश्ट हिअर. बिट्टे, निश्ट हिअर." इथे नको, एवढं जर्मन मला कळतं. मी म्हटलं, "का इथे नको? थालीपीठ काय चोरीचं आहे?" तिचे डोळे भरून आले. भावोजी, त्या नऊ वर्षांच्या पोरीला माझ्या डब्याची लाज वाटली.

तेवढ्यात चार म्हातारे आणि एक बाई आमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पुढचा गृहस्थ धिप्पाड, गुडघ्यापर्यंतची चामड्याची विजार, टोपीत पीस. डब्याकडे बोट करून तो काहीतरी म्हणाला. मग मात्र मी उठले आणि बोलले. मराठीत बोलले, चांगली अकरा मिनिटं. पंगत, माणुसकी, अन्नाचा अपमान, काही बाकी ठेवलं नाही. सगळी बाग माना वळवून बघायला लागली. लांबच्या एका टेबलावरून टाळ्याही आल्या, म्हणजे मुद्दा पोचला असावा. उर्जा तोवर आईकडे पळून गेली होती. पुष्कर धावत आला, त्या लोकांची माफी मागितली (माफी!) आणि मला म्हणाला, "आई, इथे असं चालत नाही गं."

मग गाडीत बसून जेवलो. मागच्या सीटवर.

कालपासून उर्जा माझ्याशी बोललेली नाही. मी परतीचं तिकीट अलीकडचं करायला सांगितलं आहे.

– वसुधावहिनी


फ्रँकफर्ट
बुधवार, २८ मे

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार.

खर्डा फिरवलेला नाही. शुद्धलेखनही तपासलेलं नाही, कारण लहानपणी तुम्हीच माझं तपासत होतात आणि ती भीती अजून गेलेली नाही. नीताने, तुमच्या जावेने, परिपत्रक मोठ्याने वाचलं. तिला ते इतकं आवडलं की बहिष्कार घालायच्या आधी एकदा त्या बागेत जाऊन येऊ म्हणते.

आता रागावू नका. तीन प्रश्न विचारतो. टेबलावर कापड अंथरलेलं होतं का? पाटीवरच्या नावांखालचा मजकूर काय होता? आणि पुष्कर "असं चालत नाही" म्हणाला, ते "असं" म्हणजे कसं, हे त्याला विचारलंत का?

का विचारतो ते सांगतो. तुम्ही ज्या बव्हेरियात बसला आहात, तिथे बिअरगार्टनमध्ये घरचा डबा आणणं हा लोकांचा दोनशे वर्षांचा हक्क आहे. पूर्वी बिअर बनवणाऱ्यांना बागेत बिअर विकायची मुभा होती, जेवण विकायची नव्हती. मग लोक घरून जेवण आणायला लागले. ती रीत आजही आहे, आता तर सरकारी नियमातच लिहिलेली आहे. कापड घातलेल्या टेबलावर हॉटेलचंच खायचं. उघड्या टेबलावर घरचा डबा खुशाल उघडायचा, फक्त पिण्याचं तेवढं त्यांच्याकडून घ्यायचं. म्हणजे वहिनी, ज्या हक्कासाठी तुम्ही अकरा मिनिटं भांडलात तो तुमच्या जन्माआधीपासून तिथे होता.

पाटीबद्दल मला दाट संशय आहे. इथे प्रत्येक जुन्या खानावळीत एक टेबल ठरलेल्या मंडळींचं असतं. तीच माणसं, तोच वार, तीच वेळ, वर्षानुवर्षं. त्याला श्टामटिश म्हणतात. त्यांनी बोलावल्याशिवाय तिथे कुणी बसत नाही, मग बाकीची बाग कितीही भरलेली असो. तुमचे ते पाच देणगीदार बहुधा समोरच उभे होते आणि तुम्ही त्यांना त्यांच्याच टेबलावरून पंगतीचं महत्त्व सांगत होतात.

हसतोय असं समजू नका. एकोणनव्वद किलोचा माणूस असा हसला तर खालचे शेजारी तक्रार करतात.

माझी फजिती तुम्हाला कधी सांगितली नाही, ती आज सांगतो. १९९१ साली विमानतळावर नोकरीला लागलो आणि पहिल्या पगाराच्या दिवशी नदीपलीकडे जाक्सनहाउझेनला सफरचंदाच्या वाइनच्या खानावळीत गेलो. लांबलचक टेबल, मी एकटा. एक जोडपं आलं, लाकडावर बोटांनी टकटक केली आणि समोर बसलं. मला वाटलं, मला उठवायला आलेत. मी ताटली घेऊन थोडा सरकलो. आणखी दोघं आले, आणखी सरकलो. शेवटी बाकाच्या टोकाला अर्धा लटकत जेवत होतो. वाढणाऱ्या बाईने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" त्या बिचाऱ्यांना फक्त शेजारी बसायचं होतं! इथे अख्खं टेबल कुणाच्या मालकीचं नसतं, आपल्यापुरती जागा आपली असते. एवढं कळायला मला वर्ष लागलं.

त्याच दिवशी मी इथला हिरवा सॉस पहिल्यांदा खाल्ला. सात पाल्यांचा, दह्या-सायीतला, उकडलेल्या बटाट्यांबरोबर. त्या सातांतला एक पाला म्हणजे आपला आंबट चुका, किंवा त्याचा सख्खा भाऊ. पहिला घास घेतला आणि आईच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचलो. पण ते असो.

पाटी उर्जाला वाचता येते. तिला विचारा.

– आत्माराम


इंगोलश्टाट
शुक्रवार, ३० मे

भावोजी,

म्हणजे तुम्ही त्या टोपीवाल्याच्या पक्षात गेलात. जा. तुमचे दादा असते तर तेही गेले असते, तुम्ही दोघं भाऊ समोरच्याचं आधी ऐकून घेणारे.

टेबलावर कापड नव्हतं. आणखीही एक कबूल करते. शेजारच्या टेबलावर एक बाई टोपलीतून पाव, चीज आणि भला मोठा मुळा काढत होती. मी ते पाहिलं होतं. भाषणाला उभं राहिलं की आडवा येणारा पुरावा माणसाला दिसत नाही. चाळीस वर्षं चळवळीच्या सभांमधून मी विरोधकांना हेच ऐकवलं.

तेव्हा टेबलाचं मान्य. पण मुलीचं काय? टेबल राजाचं असो नाहीतर गावाचं, ती रडली. ती रोज शाळेला दहा मिनिटं लवकर निघते आणि लांबच्या रस्त्याने जाते, म्हणजे माझ्याबरोबर दूध प्यायला बसायला नको. ईप्सिता म्हणते, "अहो आई, तसं नाहीये, तुम्ही तिच्याशी बोला ना." काय बोलू? "तुला माझी लाज वाटते का?" असं मी तिला विचारायचं, आणि ती हो म्हणाली तर? सभेत दगड आले तेव्हा मी जागची हलले नव्हते. पण हा एक शब्द ऐकायची माझी तयारी नाही.

तिकीट बदलून आलं. दहा जून. मी इथे नातीसाठी आले होते. तिलाच मी नको असेन तर राहून काय करू?

– वसुधा


फ्रँकफर्ट
बुधवार, ४ जून

ती. वहिनी,

तुम्ही विचारणार नाही, म्हणून मी विचारलं. सोमवारी पुष्करला फोन लावला, तो उर्जाने उचलला. फोनवर ती जर्मनमध्ये भराभर बोलायला लागली. मी म्हटलं, "हळू. आणि मराठीत लिहून पाठव, टपालाने." तिने पाठवलं. ते पत्र सोबत जोडतो. तुमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत आहे. तिला वळसा घालायला या कागदाला सहाशे किलोमीटर फिरावं लागलं.

तिने शेवटी एक अट घातली आहे. ती मी मोडली. मला शिक्षा करायला तुम्हाला इथेच राहावं लागेल.

– आत्माराम

(सोबतचं पत्र)

प्रिय आत्माराम आजोबा,

माझं मराठी रविवारच्या वर्गाचं आहे. चुकलं तर आईने बघितलं नाही.

तुम्ही विचारलं मी का रडले. पाटीवर लिहिलं होतं, शनिवार एक वाजता. आणि एक वाजायला पाच मिनिटं होती. मी आजीला सांगत होते की इथे नको, दुसऱ्या टेबलावर जाऊ. पण घाई झाली की मला मराठी शब्द सापडत नाहीत, जर्मन पटकन येतात. आजीला वाटलं मी डब्याला नको म्हणते.

आणि तो माणूस हेर हूबर आहे, म्हणजे मिस्टर हूबर. तो रोज सकाळी शाळेजवळ पिवळं जाकीट घालून आम्हाला रस्ता क्रॉस करून देतो. त्याने आजीला विचारलं, हे काय आहे, किती छान वास येतोय. मग आजी त्याला खूप ओरडली. आता मी लांबून जाते, कारण तो मला विचारेल की आजी काय म्हणाली.

मला आजीची लाज वाटत नाही. मला थालीपीठ पाहिजे होतं. पण मी रडत होते म्हणून गाडीत कोणी दिलंच नाही.

आजी दहा तारखेला जाणार. तुम्ही तिला थांब म्हणा. पण मी म्हटलं असं सांगू नका.

– उर्जा


इंगोलश्टाट
रविवार, ८ जून

आत्मारामभावोजी,

तुमचं पाकीट शुक्रवारी आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि लगेच तवा ठेवला. उर्जा शाळेतून आली तेव्हा थालीपिठाची ताटली घेऊन तिच्या दारात गेले. इतकी वर्षं भाषणं केली, पण तिथे तोंडातून एक वाक्य निघेना. नुसती ताटली पुढे केली. तिने ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लोणी कुठे आहे?"

लोणी घेऊन आले. मग आम्ही दोघी तिच्या पलंगावर बसून जेवलो. चादरीला हळद लागली.

काल शनिवार. आम्ही चौघं पुन्हा त्याच बागेत गेलो, एकच्या आधी. या वेळी मी त्या टेबलापासून चार पावलं दूर, खडीवर उभी राहिले. पाचही जण येऊन बसले तेव्हा पुढे झाले. मनात एक भाषण तयार होतं, साडेतीन मिनिटांचं. उर्जाने माझा हात धरला आणि म्हणाली, "आजी, दोनच शब्द. मी शिकवते." मी म्हटलं, "एस टूट मिअर लाइड." म्हणजे, माझं चुकलं. शब्द चार निघाले, पण मी तक्रार केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांसमोर माझा शब्द मागे घेतला, भावोजी, आणि तोही परक्या भाषेत. आणि मेले नाही.

हेर हूबर उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा बोलणार. त्याने फक्त मुठीने टेबलावर दोनदा टकटक केली. बाकीच्या चौघांनीही केली. उर्जा म्हणाली, "आजी, बस. ते बोलावतायत." आणि मी त्या पितळी पाटीच्या टेबलावर बसले. बोलावणं आल्यावर!

मग तो उर्जाला म्हणाला, "दोन आठवडे झाले, आम्ही पाचही जण विचार करतोय. त्या दिवशी तुझी आजी एवढा वेळ काय बोलली?" मी सरसावून बसले. म्हटलं, पंगतीपासून सुरुवात कर. उर्जाने थोडा विचार केला आणि एका वाक्यात सांगून टाकलं. सगळे टेबल बडवून हसले. मी विचारलं, "काय सांगितलंस गं?" म्हणाली, "आजीला भूक लागली होती."

अकरा मिनिटांचं भाषण! पण खरं सांगू? यापेक्षा चांगला सारांश मलाही जमला नसता.

त्यांच्या टोपलीत मुळा होता. तो ते पातळ, लांब झिरमिळीसारखा कापतात, मीठ लावतात आणि पाणी सुटेपर्यंत थांबतात. मला राहवेना. डब्यात दही होतं, दाण्याचं कूट होतं, हिरवी मिरची होती. तिथेच कोशिंबीर कालवली. त्यांच्यातल्या बाईने, हूबरच्या बायकोने, दोनदा घेतली. हूबरने चटणी खाल्ली, डोळे पुसले आणि ही चटणी मिळते ते दुकान सोमवारी शाळा सुटायच्या वेळी मी त्याला दाखवेन का, असं विचारलं. उर्जा म्हणाली, "आजी, सोमवारी सुट्टी आहे. आणि तू बाजारातली चटणी कधीच आणत नाहीस." अख्खी दोन वाक्यं, भावोजी, मराठीत, सगळ्यांसमोर.

आता पुष्करचं. गाडीत त्याला विचारलं, "असं चालत नाही" म्हणजे काय? तो म्हणाला, "अगं, राखीव टेबलावर बसणं." मग मी विचारलं, "उघड्या टेबलावर घरचा डबा चालतो, हे तुला ठाऊक होतं?" तो म्हणाला, "ठाऊक होतं, आई. नऊ वर्षं ठाऊक आहे. पण तो नियम आपल्याही डब्याला लागू आहे, असं कधी वाटलंच नाही."

हे ऐकलंत? म्हणजे माझं भाषण खोटं नव्हतं. फक्त चुकीच्या टेबलावर झालं आणि चुकीच्या माणसाला ऐकवलं गेलं. ते गाडीच्या पुढच्या सीटला ऐकवायचं होतं.

तिकीट रद्द केलं आहे. जुलैअखेरपर्यंत आहे.

नवं परिपत्रक लिहिते आहे. त्याआधी तुम्ही येता का ते कळवा.

– वसुधावहिनी


फ्रँकफर्ट
बुधवार, ११ जून
(पोस्टकार्ड)

ती. वहिनी,

येतो. नीताही येते. हिरव्या सॉसचे सातही पाले बाजारात पांढऱ्या कागदात गुंडाळून मिळतात, ती गुंडाळी घेऊन निघतो. आलो की त्यातला चुका वेगळा काढू, त्याची आईसारखी पातळ भाजी करून बघू. उर्जाला म्हणावं, तुझी अट मोडल्याची शिक्षा भोगायला येतोय, पण लोणी आजोबांनाही लागतं.

परिपत्रक या वेळी अकरा मिनिटांचं नको.

– आत्माराम


इंगोलश्टाट
शनिवार, १४ जून २०२५

इंगोलश्टाटमध्ये मुलांकडे आलेल्या समस्त आईवडिलांनो, आणि या वेळी त्यांच्या मुलांनो, तुम्हीही,

तीन आठवड्यांपूर्वी मी बहिष्काराचं पत्रक लिहिलं होतं. सुदैवाने माझ्या दिरांनी ते फिरवलं नाही. त्यातला राग खरा होता, पत्ता चुकीचा होता. गाडीच्या काचा वर करून जेवायची सक्ती आपल्यावर या शहराने केलेली नाही. ती आपल्याच माणसांनी केली, आणि आपण मान खाली घालून पाळली. शेजारचा माणूस नाक मुरडेल या भीतीने आपण झाकण लावत राहिलो. त्या माणसाला विचारायचं होतं ते एवढंच, की कशाचा एवढा छान वास येतोय.

एक पंगत या गावात दोनशे वर्षं मांडलेली आहे. तिचे नियम साधे आहेत. कापड घातलेल्या टेबलावर डबा उघडू नका. पितळी पाटी दिसली तर नातवंडाकडून वाचून घ्या, आणि ते बाही ओढत असेल तर आधी त्याचं ऐका. हा शेवटचा नियम मी चूक करून शिकले आहे.

मुलांनो, आईने केलेल्या जेवणाचा वास लपवायला तुम्ही एवढ्या लांब आलेला नाहीत. जो नियम सगळ्यांना लागू आहे तो तुम्हालाही लागू आहे. तो तुम्हाला कुणी वेगळा येऊन सांगणार नाही.

म्हणून एकच मागणी करते. येत्या शनिवारी, एकवीस जूनला, दुपारी साडेबारा वाजता, घरचा डबा घेऊन त्या चेस्टनटच्या बागेत या, उघड्या टेबलावर बसा आणि झाकण काढा.

– वसुधा